रेडिओ नको, स्टेशन घ्या

जुन्या चादरीत गुंडाळलेला रेडिओ त्यानं माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना नुकताच हाती आलेला, व्हीयू३नं सुरू होणारी कॉल साइन तोंडपाठ झालेली, आणि शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून घेतलेला हा पहिला सेट. शंभर वॅटचा, जपानी बनावटीचा, दिसायला देखणा. "काका, फार स्वस्तात मिळाला," तो म्हणाला. मी सेट फिरवून मागची बाजू पाहिली. पॉवरची केबल नव्हती. माइक नव्हता. अँटेनाच्या सॉकेटवर, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात दिसतो तसा, हिरवट थर चढला होता. विकणाऱ्यानं सेट चालवून दाखवला का, असं विचारलं. डिस्प्ले लागलेला त्यानं पाहिला होता, तेवढंच.

तो रेडिओ अखेर बोलू लागला, पण त्याला चार महिने लागले आणि वरखर्च रेडिओच्या किमतीएवढा झाला. त्या मुलाची चूक एकच होती. त्यानं रेडिओ विकत घेतला. नवशिक्यानं स्टेशन विकत घ्यायचं असतं. आपल्या परवान्याच्या नावातच ते आहे: ॲमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर. स्टेशन म्हणजे रेडिओ, त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, छतावरची अँटेना, दोघांना जोडणारी कोॲक्स केबल, माइक आणि मोजमापाचं एखादं साधन. यातलं एक जरी नसलं तरी बाकीचं सगळं कपाटात पडून राहतं. म्हणून जुना सेट घेताना माझा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. घरी नेल्यावर पहिल्याच रविवारी यावरून कुणाशी तरी बोलता येईल का, हा असतो.

आधी कागद, मग यंत्र

आपल्याकडे प्रक्षेपण करणारं यंत्र वापरायलाच काय, नुसतं जवळ बाळगायलाही सरकारी परवानगी लागते. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात ही अट होती आणि दूरसंचार कायदा २०२३ मध्येही ती कायम आहे. त्यामुळे 'आधी सेट घेऊन ठेवू, परीक्षा नंतर बघू' हा विचार मनातून काढून टाका. परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही आणि तिथे व्हीयू३ची कॉल साइन मिळते. जनरल श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स यावं लागतं आणि कॉल साइन व्हीयू२नं सुरू होते. कोणत्या बँडवर, किती वॅटनं बोलायचं हे श्रेणीवर ठरतं. सेट पाहायला जाण्याआधी ते नीट वाचून घ्या. शंभर वॅटच्या बहुतेक सेटची शक्ती बटणानं कमी करता येते, पण परवान्यात नसलेला बँड कोणत्याच बटणानं मिळत नाही.

विकणाराही परवानाधारकच असावा. व्यवहार कागदावर करा: मॉडेल, सीरियल नंबर, दोघांच्या कॉल साइन, तारीख आणि सही. सीरियल नंबरची पट्टी खरवडलेली दिसली, तर सेट कितीही चांगला असो, नमस्कार करून उठा. परदेशातल्या भावानं किंवा मावशीनं बॅगेतून सेट आणायचं कबूल केलं असेल, तर आयातीचे नियम आणि कस्टम ड्युटी त्यांनी विमानात बसण्याआधी समजून घ्या. ऑनलाइन दुकानांत दोन-तीन हजारांत दिसणाऱ्या वॉकीटॉकींबाबतही सावध राहा. कोणती फ्रीक्वेन्सी, परवाना लागतो की नाही, याचा पत्ता नसताना असे सेट सर्रास विकले जात होते. त्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये नोटिसा काढाव्या लागल्या आणि पुढे मार्गदर्शक सूचनाही आल्या.

हातातला की टेबलावरचा?

बहुतेक जण पाच वॅटच्या हँडहेल्डपासून सुरुवात करतात. सेट स्वस्त असतो, खिशात मावतो. पण तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या ज्या बँडवर चालतो, तिथले तरंग साधारण नजरेच्या रेषेत जातात. मैदानात उभ्या माणसाच्या हातातल्या सेटचं रेडिओ क्षितिज पाच किलोमीटरच्या आसपास असतं. तोच माणूस सह्याद्रीच्या ४०० मीटर उंच कड्यावर चढला की ते क्षितिज ८० किलोमीटरपर्यंत जातं. गावाजवळ एखाद्या डोंगरावर रिपीटर, म्हणजे आलेला आवाज पुन्हा दूरवर पाठवणारं यंत्र असेल, तर त्याच्या आधारानं हँडहेल्ड खूप काही शिकवतो. रिपीटर नसेल तर आठवडाभरात तो ड्रॉवरमध्ये जातो.

जुना हँडहेल्ड किंवा गाडीत बसवायचा जुना व्हीएचएफ सेट घेताना एक गोष्ट हमखास विचारा: यात टोन आहे का? अनेक रिपीटर आवाजाबरोबर एक अगदी खालच्या पट्टीतला सूर आल्याशिवाय उघडत नाहीत. फार जुन्या सेटमध्ये हा सूर तयार करणारा भागच नसतो किंवा तो वेगळा बसवावा लागतो. सेट उत्तम चालतो, रिपीटर मात्र ओ देत नाही, आणि दोष कुठे आहे ते नवशिक्याला उमगत नाही. हँडहेल्डची बॅटरीही धरून चाला की मेलेलीच आहे. त्या मॉडेलची नवी बॅटरी आज मिळते का, हे आधी पाहा.

खरी गोडी हवी असेल तर एचएफ, म्हणजे लघुलहरींचे बँड. ४० मीटरच्या बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, दिवसा काहीशे किलोमीटरवरची स्टेशनं सहज ऐकू येतात आणि अंधार पडला की ऐकू येण्याचं अंतर वाढत जातं. आकाशातला आयनांचा थर तरंग परत खाली पाठवतो. मध्ये टॉवर नाही, इंटरनेट नाही. २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात होत्या. व्हीयू४आरबीआय या त्यांच्या कॉल साइनवरून बेटांवरच्या माणसांची खबरबात बाहेर पोचली. त्या दिवशी असंच एक एचएफ स्टेशन कामाला आलं.

किती जुनं चालेल?

एचएफचे जुने सेट ढोबळमानानं तीन पिढ्यांचे असतात.

पहिली पिढी १९७०च्या दशकातली: याएसूचा एफटी-१०१, केनवूडचा टीएस-५२०. यांचा बराचसा भाग ट्रान्झिस्टरचा असला तरी शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह असतात. यांचा आवाज गोड आणि बांधणी भक्कम, आणि जुन्या हॅमना यांच्याविषयी फार माया. तरीही पहिला सेट म्हणून हे घेऊ नका. आत सहाशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. चुकून बोट लागलं तर जिवावर बेततं. बदली व्हॉल्व्ह शोधत हिंडावं लागतं. जपानमध्ये वापरण्यासाठी काढलेला सेट १०० व्होल्टवर लावलेला असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडला की धूर. आणि ३०, १७, १२ मीटरचे बँड हौशी रेडिओला १९७९च्या जागतिक परिषदेत मिळाले, त्यामुळे त्याआधीच्या सेटमध्ये ते नसतात. वर्षानुवर्षं बंद असलेला असा सेट कुणी प्रेमानं भेट दिलाच, तर एखाद्या जाणत्याला बोलावून, सिरीज लॅम्प लावून मगच चालू करा.

दुसरी पिढी १९८०-९०च्या दशकांतली. हे सेट पूर्ण ट्रान्झिस्टरचे, बहुतेक १३.८ व्होल्टवर चालणारे. कमी पैशांत सगळ्यात जास्त रेडिओ इथेच मिळतो, पण प्रत्येक मॉडेलची एखादी खोड असते आणि ती जाणकारांना माहीत असते. केनवूड टीएस-४४० मध्ये एका बोर्डावर पार्ट चिकटवायला वापरलेला डिंक वर्षांनी वीजवाहक होतो. मग डिस्प्लेवर आकड्यांऐवजी नुसते ठिपके दिसतात. आयकॉम आयसी-७५१ मध्ये सेटचा प्रोग्रॅम एका छोट्या लिथियम बॅटरीवर जपलेला असतो. बॅटरी संपली की सेटची स्मृतीच जाते आणि नुसती नवी बॅटरी घालून तो जागा होत नाही. म्हणून मॉडेलचं नाव कळलं की पैसे काढण्याआधी दोन अनुभवी हॅमना एकच प्रश्न विचारा: "याला नेहमी काय होतं?"

तिसरी पिढी २०००च्या आसपासची आणि नंतरची: आयकॉमचा आयसी-७१८, याएसूचे एफटी-८५७ आणि एफटी-८९७. किंमत जास्त, पण नवशिक्याला सगळ्यात कमी त्रास यांचा. एफटी-८५७च्या डिस्प्लेवर उभ्या रेघा आलेल्या नाहीत ना, ते बघून घ्या. कॉम्प्युटर जोडून एफटी८ हा डिजिटल प्रकार वापरायचा असेल, तर याच पिढीकडे या. एफटी८ मध्ये पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात आणि त्या वेळात सेटची फ्रीक्वेन्सी हलून चालत नाही. तापल्यावर सरकत जाणारे जुने सेट तिथे मागे पडतात.

टेबलावरची तासभराची परीक्षा

जुना सेट बघायला जाताना मी तासभर वेळ ठेवतो, आणि सेट आधीपासून तापवून ठेवू नका असं फोनवरच सांगतो. बरोबर मल्टीमीटर, छोटी टॉर्च, पॉवर-एसडब्ल्यूआर मीटर आणि डमी लोड असतो. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर. तो घरीही होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून हजार ओहमचे, दोन वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर आणा आणि समांतर जोडा. झाले ५० ओहम, ४० वॅट सोसणारे. त्यावर शंभर वॅट दोन-चार सेकंदांपुरतेच द्यायचे. वायर गुंडाळलेले रेझिस्टर मात्र घेऊ नका. ते कॉइलसारखे वागतात.

सुरुवात डोळ्यांनी. स्क्रूची डोकी झिजलेली असतील, तर सेट पुष्कळदा उघडला गेला आहे. मागे जास्तीची भोकं पाडलेली असतील, तर काय बदल केले ते विचारा. मग नाक. झाकणाच्या फटीशी वास घ्या. जळक्या बोर्डाचा वास वर्षानुवर्षं जात नाही. शक्य असेल तर मालकालाच वरचं झाकण काढायला सांगा. किनारपट्टीवर राहिलेल्या सेटमध्ये गंज आणि हिरवट थर हमखास सापडतो. घाटावरच्या सेटमध्ये धूळ. मी एका सेटमध्ये स्पीकरच्या मागे पालीची अंडी पाहिली आहेत, आणि एकात झुरळांनी केलेलं घर. धूळ झाडता येते. कॅपॅसिटरमधून गळून तांब्याच्या रेघा खाल्लेलं रसायन झाडता येत नाही.

मग कान. सेट चालू करून प्रत्येक बँडवर, प्रत्येक मोडमध्ये ऐका. आवाजाची गोल बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका; कॉन्टॅक्ट क्लीनरनं ती जाते, पण किंमत ठरवताना तिचा उल्लेख करा. एखादा बँड इतरांपेक्षा अगदीच मुका असेल, तर ते दुखणं आतलं आहे. एक स्टेशन लावून अर्धा तास तसंच सोडा आणि तोवर चहा घ्या. परत आल्यावर आवाज चिरका किंवा भसाडा झाला असेल, तर सेट सरकतो आहे.

शेवटी प्रक्षेपण. ही परीक्षा मालकाच्या परवान्यावर, मालकाच्या हातानं. डमी लोड लावल्याशिवाय माइकचं बटण दाबू देऊ नका. अँटेना किंवा लोड नसताना प्रक्षेपण केलं तर शेवटच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर जाऊ शकतात, आणि जुन्या सेटमध्ये सगळ्यात महाग दुखणं तेच. शंभर वॅटच्या सेटनं मीटरवर प्रत्येक बँडला साधारण सारखी शक्ती दाखवावी. पूर्ण शक्तीला तो १३.८ व्होल्टवर वीस अँपियरच्या आसपास करंट घेतो. करंट पूर्ण आणि शक्ती अर्धी, असं असेल तर थांबा. सगळं ठीक असेल तर अँटेना लावून मालकाला एखाद्या ओळखीच्या स्टेशनशी बोलायला सांगा आणि पलीकडच्याला आवाजाबद्दल विचारा. तासाभराच्या तपासणीनंतर मिळालेली ती दोन वाक्यं कुठल्याही गॅरंटी कार्डापेक्षा मोलाची आहेत.

निघताना पिशवीत काय पडतं ते मोजा: मूळ माइक, फ्यूजसकट डीसी केबल, मॅन्युअल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आठ पिनांच्या माइकचा प्लग सारखा दिसला तरी आतली जोडणी वेगळी असते. 'कुठलाही माइक चालेल' हे ऐकून घेऊ नका.

उरलेलं अर्धं स्टेशन

माझा साधा हिशोब असा आहे: खिशात जेवढे पैसे असतील त्यातले निम्मे रेडिओला, निम्मे बाकीच्याला. शंभर वॅटच्या सेटला पंचवीस-तीस अँपियर सहज देणारा पॉवर सप्लाय हवा. जुना सप्लाय घेतला तर रेडिओ जोडण्याआधी त्यावर मल्टीमीटर लावा. जुन्या लिनिअर सप्लायमधला एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर १३.८ऐवजी वीसच्या वर व्होल्ट बाहेर येतात आणि नव्यानं आणलेला रेडिओ तिथेच संपतो. स्वस्त एसएमपीएस असेल, तर तो रेडिओत गुणगुण आणतो का ते ऐका. केबल जाड घ्या. बारीक वायरमध्ये व्होल्ट पडतात, बोलताना आवाज फाटतो, आणि माणूस विनाकारण रेडिओला दोष देत बसतो.

अँटेनावर मात्र पैसे घालवू नका, कष्ट घाला. १४३ला मेगाहर्ट्झनं भागलं की डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे २० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ मधला बिंदू उंच बांधा आणि दोन्ही टोकं उतरती सोडा. हीच तार १५ मीटरच्या बँडवरही बऱ्यापैकी चालते. मधली कोॲक्स शक्यतो नवीच घ्या. जुन्या केबलच्या टोकाला पाणी शिरलेलं असतं. वरचं आवरण सोलून आतली जाळी काळी दिसली तर ती केबल टाकून द्या. तार थोडी लांबच कापा आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप, पाहत पाहत कमी करा. दीडच्या खाली आला की उत्तम, दोनपर्यंत काम भागतं. वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

दहा वॅटची ताकद

शंभर वॅटचा सेट खिशाला झेपत नसेल तर खंत करू नका. शक्ती शंभरवरून दहा वॅटवर आणली, तर फरक दहा डेसिबलचा पडतो. पलीकडच्याच्या मीटरवर एक एस-युनिट सहा डेसिबलचं, म्हणजे दोन युनिटही नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला बिटएक्स नावाचा सेट रचला तो याच भरवशावर. बाजारात सहज मिळणारे पार्ट वापरायचे, हा त्यांचा आग्रह. परदेशी टोरॉइड मिळत नाहीत म्हणून त्यांनी कॉइल चक्क नळाच्या नायलॉन वॉशरवर गुंडाळल्या. पुढे त्याचीच मायक्रोबिटएक्स ही आवृत्ती तयार बोर्डांच्या रूपात जगभर गेली. एखादा हॅम मोठा सेट घेतो तेव्हा त्याचा बिटएक्स रिकामा होतो. तो मागा. त्याचा प्रत्येक भाग उघडा दिसतो, प्रत्येक भागाचं काम समजून घेता येतं, आणि बिघडला तर तो स्वतःच दुरुस्त करता येतो. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू मी पाहिलेला नाही.

सेट कुठून आला?

चांगले जुने सेट जाहिरातीत येण्याआधीच क्लबांमध्ये आणि हॅमफेस्टच्या टेबलांवर हात बदलतात. गावातल्या क्लबमध्ये दोन महिने नुसते जाऊन बसा. कुणाचा सेट कसा वापरला गेला आहे ते तिथे सगळ्यांना माहीत असतं, आणि विकणाराही उद्या त्याच बँडवर भेटणार असतो, म्हणून तो खोटं सांगत नाही.

काही सेट 'सायलेंट की' झालेल्या, म्हणजे दिवंगत झालेल्या हॅमच्या घरातून येतात. घरच्यांना किमतीचा अंदाज नसतो आणि खोली लवकर रिकामी करायची असते. अशा वेळी भाव पाडू नका. योग्य किंमत सांगा आणि तेवढी द्या. ते क्यूएसएल कार्डं, म्हणजे संपर्काची पोच म्हणून आलेली कार्डं, देत असतील तर तीही घ्या. तीस-चाळीस वर्षं एका माणसानं रोज संध्याकाळी ज्या बटणाला हात लावला, ते बटण आता तुमच्या हातात येणार आहे.

त्या इंजिनिअरिंगच्या मुलानं नंतर दुसरा सेट घेतला तेव्हा मल्टीमीटर त्याच्याच खिशात होता. पहिला सेट त्यानं विकला नाही. केबल, माइक, एक जुना सप्लाय आणि वीस मीटर तार यांसह तो त्यानं अकरावीतल्या एका मुलीला दिला. तिचा परवाना आदल्याच आठवड्यात आला होता. तुम्हीही जुना सेट घ्या तो पूर्ण घ्या, आणि ज्या दिवशी पुढच्याला द्याल त्या दिवशी पूर्णच द्या.